मचाण उतरवायचं राहिलं

१२ एप्रिल
आले एकदाची! चाळीस एकर जंगल, पत्र्याच्या छपराचं दोन खोल्यांचं घर, लाकडाची शेगडी, आणि माझ्याआधीच राहायला आलेले उंदीर. विस्कॉन्सिनच्या या टोकाला अजून सावलीतलं बर्फ गेलेलं नाही. मिल्वॉकीतला फ्लॅट विकून हे घेतलं म्हणून ऑफिसातल्या बायकांनी वेड्यात काढलं. काढू देत. बाबांचं जानेवारीत हृदयाचं ऑपरेशन झालं. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी डॉक्टरांशी घासाघीस करून त्यांनी एक शेवटचा शिकारीचा हंगाम मागून घेतलाय. तो त्यांना मिळाला पाहिजे, एवढंच माझं म्हणणं.

टेकाडावर भल्या मोठ्या ओकला लोखंडी मचाण आहे. शिडी, बैठक, कठडा, सगळं शाबूत. आधीचे मालक डेल्मर रुंगे यांचं. बाबांना फोनवर सांगितलं तर स्वारी खूश. म्हणाले, अजिबात काढू नकोस, हरणांना त्याची सवय झालेली असते, आणि काढलं की जागा गेली. आमच्या घरात कुणी मचाण उतरवल्याचं मला आठवत नाही. ते गंजून पडायचं, मग नवं लागायचं.

ही वही खिशात मावते. वारा, हरणं, जे दिसेल ते लिहिणार आहे.

१९ एप्रिल
शेजारचे आर्विड नायगार्ड धुरावलेला मासा घेऊन आले. सत्तरी उलटलेली, बोलणं तिरकस. मला विचारलं, शहरातून येताना लाकूड फोडायला माणूस आणलास की नाही? मी त्यांच्यासमोर चार ओंडके फोडून दाखवले.

मग टेकाडाकडे बघून म्हणाले की ते स्वतः नोव्हेंबरातल्या नऊ दिवसांच्या हंगामाच्या शेवटच्या दिवशी झाडून सगळी मचाणं उतरवतात, गुडघाभर बर्फ असलं तरी. मी म्हटलं, खारी बांधायचे पट्टे कुरतडतात म्हणून ना? तेही आहेच, म्हणाले. “पण झाड बारा महिने वाढतं, पोरी. नऊ दिवसांचा पाहुणा ते सोसतं. कायम राहिलेल्याला आपलं म्हणतं.”

रुंग्यांनी हे मचाण सहा वर्षं उतरवलं नव्हतं. सहाव्या वर्षी नोव्हेंबरात ते त्यावर बसायला गेले आणि परत आले नाहीत. गाडी अंगणातच राहिली. शोधायला आणलेली कुत्री ओकपाशी येऊन बसली, पुढे जाईनात. शेवटी त्यांच्या बहिणीने जागा विकून टाकली. मला विकताना यातलं अक्षर बोलली नाही.

८ जून
मचाण तपासलं. नवे पट्टे घेऊन गेले होते, पण बांधणार कुठे? जुनी साखळी खोडात रुतलीय आणि सालीच्या कडा तिच्यावर आल्यात. बैठकीवर उड्या मारून पाहिल्या, कुरकूरसुद्धा नाही. बाबा फोनवर म्हणाले, झाडानंच धरलंय, आता पट्टा कशाला? मी तासभर बसले. दोन हरिणी आणि एक पाडस. उठताना जाकीट मागे खोडाला चिकटलं होतं. डिंक असेल. हातमोजा कठड्यावरच विसरले.

२७ जुलै
साखळी दिसत नाही. पूर्ण आत गेली. सात आठवड्यांत एवढं झाड वाढत नाही, हे मलाही कळतं.

हातमोजा कठड्याच्या मागच्या दांडीवर होता. अर्धा सालीत. चार बोटं बाहेर. ओढला तर फाटला, पण सुटला नाही.

१४ ऑगस्ट
आर्विड साखळीची यांत्रिक करवत घेऊन आले. मचाण सोडवायला मागच्या दांडीभोवतीची साल कापायला घेतली. वीतभर आत नारिंगी कापड लागलं. शिकारी घालतात ते. मग जाकिटाची चेन. मग करवतीची साखळी तुटली.

आर्विड शिडी उतरून खाली बसले. डेल्मरचं जाकीट असंच होतं, म्हणाले. शेरीफच्या पोलिसाला बोलावलं. त्याने चेन पाहिली, फोटो काढला, आणि जुनं जाकीट टांगलेलं राहिलं असेल म्हणून निघून गेला. ओक पाडायला लाकूडतोड्या डिसेंबरशिवाय मोकळा नाही.

बाबांना सांगितलं, या वर्षी नको. ते आधी हसले. मग म्हणाले, “माझ्याकडे एकच नोव्हेंबर आहे, कॉरीन.” मला नाही म्हणवलं नाही. पण ओकवर बसायचं नाही, असा शब्द घेतला. त्यांच्यासाठी वेगळ्या झाडावर नवं मचाण बांधायचं.

५ ऑक्टोबर
नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. मॅपलवर नवं मचाण चढवताना दोनदा शिडी घसरली. शेवटी बसलं, पण थोडं डुलतं. ओकपासून शंभर पावलं लांब आहे. एवढं पुरे.

ओककडे आता जात नाही. लांबून बघते. पाठीमागची दांडी नाहीये. बैठक खोडातूनच फुटल्यासारखी दिसते.

२१ नोव्हेंबर
बाबा आले! बारीक झालेत, तोंड मात्र तसंच. जेवायला आर्विड होते. दोन म्हातारे एकमेकांच्या जुन्या शिकारींना खोटं ठरवत बसले. बाबांची फुशारकी एकच: मी आठ तास हलत नाही, चिमणी खांद्यावर येऊन बसते. आर्विड एकदम गंभीर झाले. त्यांनी बाबांना समोर बसवून सांगितलं की रुंग्यांच्या मचाणावर चढू नका. बाबांनी पुन्हा शब्द दिला. आर्विड गेल्यावर मला म्हणाले, तुझा शेजारी भित्रा आहे.

मला भीती वाटतेय. पण इतक्या आनंदात मी त्यांना ऑपरेशननंतर पाहिलं नव्हतं.

२२ नोव्हेंबर, शनिवार
६.२०. बाबांना मॅपलवर बसवलं. मी खाली ओढ्यापाशी. वारा वायव्येचा.

९.०५. बंदूक वाजली. मॅपलकडून नाही. टेकाडावरून.

९.२०. बाबा ओकवर आहेत. नवं डुलत होतं म्हणून उजाडल्याबरोबर तिकडे गेले. आठ टोकांच्या शिंगांचा नर पडलाय खाली. हात हलवून हसतायत. मी उतरा म्हणून ओरडले. ते म्हणाले, “थांब जरा, पाठ अडकलीय.”

९.४०. मी चढले. साल खांद्यांवर आलीय. जाकिटाची चेन उघडली तरी — जाकीट नाही, पाठच — आर्विडना फोन लागला. करवत घेऊन निघालेत. वीस मिनिटं.

९.५०. कळलं. हललं की झाड थांबतं. मी बाबांचा डावा खांदा हलवत राहिले तर साल तिथे आली नाही. हला, बाबा, हलत राहा. ते दमलेत. छातीत दुखतंय म्हणतात. मी त्यांना धरून हलवतेय, गुडघा कठड्याला लावून —

गुडघा सुटत नाही.

१०.०० वाजले असतील. माझा डावा हात त्यांच्या खांद्यामागे होता. तोही. उजवा मोकळा. थांबवायचा नाही म्हणून लिहितेय. काहीही लिहायचं. वारा वायव्येचा. आकाश स्वच्छ.

बाबा म्हणतायत पोरी तू उतर. त्यांना वाटतंय मला उतरता येतंय. वाटू दे.

छातीत आता दुखत नाही म्हणाले. काहीच जाणवत नाही म्हणाले. त्यांना मिठी मारून बसलेय, लहानपणी कधी —

गाडी वाजली. आर्विड. चढू नका सांगितलं. खालूनच बुंधा कापा. पडलो तर पडू. ते रडतायत. करवत सुरू केली त्यांनी.

झाड थरथरतंय. बाबा डोळे मिटून आहेत. हलत नाहीत. हला ना बाबा. माझा हात चालू आहे, बघा, चालू आहे, मी थांबवत नाही, चालू आहे, चालू आ