मज्जेला पोचलेला निरोप

अक्कलकोट रोड, सोलापूर
३ फेब्रुवारी २०२५

ती. दादास,
सा. न. वि. वि.

आपल्या दोघांच्या पेशी जुळतात, माझ्या तुला देता येतील, असं डॉक्टर बोलले, त्या क्षणी माझं सगळं बदललं. कॉलेज अर्ध्यात सोडल्यापासून मी घरात कुणाच्याच उपयोगाचा नव्हतो की.

पण आज त्यासाठीचं दुसरं इंजेक्शन झालं आणि कंबर, मांड्या आतून ठणकायला लागल्या. डॉक्टर म्हणाले, दुखतंच. मी म्हटलं, तुम्ही घेऊन बघा. भांडूनच आलो. मला हे औषध बाधलंय. महिनाभर थांबू.

फोनवर आपलं भांडण होतं, म्हणून लिहितोय. नर्स चेतना हे पत्र तुझ्या खोलीच्या काचेला बाहेरून लावून धरणार, त्यामुळं तिच्याविषयी काही लिहीत नाही.

रागावलास तरी तुझाच,
दिग्विजय

दवाखाना, ३ फेब्रुवारी, संध्याकाळ

चि. दिग्विजयास,
अ. आ.

थांबता येणार नाही रे. तुझ्या पेशी येणार म्हणून माझी हाडांतली जुनी मज्जा औषधानं साफ केलीय. आता माझ्यात रक्त तयार करणारं काही उरलेलं नाही. डॉक्टरांनी हे सांगितलं, तेव्हा तू म्हणे चेतनाकडं बघत होतास.

तू कामाला जातोस त्या टॉवेलच्या कारखान्यात यंत्रमागांच्या खडखडाटात हाक ऐकू येत नाही, म्हणून तुम्ही हातानं खुणा करता. पेशींनाही कान नसतात. त्या एकमेकींना बारीक प्रथिनं पाठवतात. कुणी वाढायचं, कुणी लढायचं, कुणी गप्प बसायचं, ते त्यावर ठरतं. तुझं इंजेक्शन म्हणजे तसलीच खूण. पांढऱ्या पेशी वाढव, रक्त बनवणाऱ्या बीजपेशी रक्तात सोड, असं ती मज्जेला सांगते. मज्जा जोरात कामाला लागली की हाडं दुखतात. औषध बाधलं नाही, निरोप पोचला.

कॉलेजचा विषय मी काढणार नाही. ये.

चेतनानं तुझं पत्र आधी स्वतः वाचलं. हसली.

माया होती तेवढीच आहे,
उदयसिंह

अक्कलकोट रोड, ६ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

चार इंजेक्शनं झाली. पांढऱ्या पेशी पाचपट झाल्यात. डॉक्टरांची माफी मागितली, तीही बसून, उभं राहवत नव्हतं. आज पाचवं घेऊन, रक्तातून पेशी वेगळ्या काढणाऱ्या मशीनवर चार तास पडायचंय. जवळ कोण थांबणार, असं चेतनाला विचारलं. ती म्हणाली, "माझी ड्यूटीच हाय, हवेत जाऊ नका." मला तेवढं लई झालं.

दादा, भांडायला मला तूच पाहिजेस. बरा हो.

तुझा,
दिग्विजय

ता. क. रिक्षा आली. पत्र खिशात घालतो, दार ओढून घेतो, निघालो.