लाइट गेल्यावर सापडलेला खुनी

आबा, तुमचा तो मालिकेतला डिटेक्टिव्ह सापडला. धुळ्यात देवपूरला लग्नाच्या स्वयंपाकाचं काम होतं. वांगी भाजून झाली होती, पंगतीला अवकाश होता, आणि मांडवामागे पातेल्याला टेकून मी मोबाइलवर भलतंच काही बघत होते. इंदूरला एक काम आहे म्हणतात, तिकडं गाडी कुठून सुटते ते. तर मधेच हा उगवला. ऊन असताना छत्री घेऊन फिरणारा, आणि ज्या घरी खून झाला तिथं आधी ताट मागणारा. त्याच्याच खाली मूळचा परदेशी पण होता, ज्याच्यावरून आपला हिंदीवाला उचलला. तो केक खातो, आपला गुलाबजाम खातो. बाकी छत्री तीच आणि मुडदाही तोच. म्हणजे तुम्ही आयुष्यभर ज्याची नक्कल केली, तो स्वतःच नक्कल होता. मला हसू आलं, आणि चांगलं नव्हतं ते हसू.

पाचोऱ्याच्या घरात तुम्ही कापसाच्या जिनिंगवरून येता, वॉचमनची शिट्टी खुंटीला लावता आणि टीव्हीसमोर बसता. दारात गल्लीतले चारजण. आमच्याकडं लोडशेडिंगची वेळ आणि खुनी सापडायची वेळ एकच. डिटेक्टिव्ह छत्री मिटतो, सगळ्यांकडं बघतो, आणि लाइट जाते. मग अंधारात तुमचं खाकरणं. "मी सांगस ना. माळी शे." कसं काय, म्हणून कोणी विचारलं की तुम्ही बुटाचा चिखल, तुटलेली कुंडी, सगळं जुळवून दाखवायचे. "आबा, तुम्ही पोलिसात पाहिजे होते!" असं कोणीतरी म्हणायचंच. पुढच्या आठवड्यात नवीन गोष्ट. मागचा माळी खरंच खुनी होता का, हे कोण बघायला बसलंय?

मग काकाच्या शेतातलं भरीत. हिरवी वांगी, कपाशीच्या पऱ्हाट्यांचा जाळ, हे मी आता पोटासाठी करते, पण तेव्हा थंडीतला सण असायचा तो. सगळे गोल बसून गरम वांगी सोलत होते, बोटं काळी करून. मी लांब बांधावर, एका पोत्यावर. सकाळीच आईनं कानात सांगितलं होतं, आज कशाला हात लावू नको, बाजूला बस. नियम तुमच्याच घरचा. तसल्या दिवसांत माझी सावली देवघरावर पडली तरी तुम्ही ओरडायचे. तेवढ्यात काकाचा मोबाइल सापडेना. घरातला पहिलाच मोबाइल तो. काका म्हणाला, "बोलवा रे आपल्या डिटेक्टिव्हला!" आणि तुम्ही उठलात. हातात काठी घेतली, छत्रीसारखी. "बठ्ठा हात दखाडा!"

सगळे हसत हसत हात पुढं करतायत. काळे, काळे, काळे. मग तुम्ही बांधापाशी आलात. माझे स्वच्छ. टीव्हीतल्यासारखे थांबलात आणि वळून लोकांना म्हणालात, "सगळे कामात होते. मग ही कुठं होती?" तिथल्या एकूण एक बाईला माहीत होतं आबा, माझे हात का स्वच्छ आहेत. काकूनं पदर तोंडाला लावला. आई पुऱ्यांची कणीक मळतच राहिली. आठवीतली पोरगी मी, एवढ्या काका-मामांसमोर काय बोलणार? तुम्ही म्हणालात, "बघा. गप्प बसली, म्हणजे कबूल."

मोबाइल बऱ्याच दिवसांनी काकाच्याच ट्रॅक्टरच्या सीटखाली मिळाला. आईनं जेवताना हळूच सांगितलं, तर तुम्ही भाकरी मोडत म्हणालात, "मग हिनंच टाकला असंल तिथं." तोवर शाळेतून नाव काढून झालं होतं. मॅडम घरी आल्या, तर दारातूनच, "पोरगी हाताबाहेर गेली." मला मुक्ताईनगरला मामाकडं धाडलं. तिथून केळीच्या पॅकिंगला, तिथून कुठं कुठं. एका जागी माझा पाय टिकत नाही. लोक विचारतात तेव्हा मी कामाचं नाव सांगते.

आता ऐका. मी त्या मालिकेचे भाग बघितले, शेवटापर्यंत. कोणाचंही नाव घेण्याआधी तुमचा डिटेक्टिव्ह त्या माणसाला आतल्या खोलीत नेतो, दार लावतो आणि विचारतो, तुला काही सांगायचंय का? दर वेळी. परदेशीवालाही विचारतो. ते सगळं आपली लाइट गेल्यानंतर घडतं. आमच्या टोळीची अक्का माझ्या खांद्यावरून बघत होती. तिला हे सगळं ठाऊक आहे. ती म्हणाली, "मंग लाइटनी चूक शे म्हन. तुना बापनी काय?" मला असा राग आला की झाऱ्या खाली आपटला. लाइट अख्ख्या गल्लीची गेली होती आबा. शेवट तुम्ही एकट्यानं रचलेत.

आणि तेही चुकीचे. आठवतील तेवढे भाग मी ताडून बघितले. माळी नाही, स्वयंपाकीण नाही, धुणंवाली नाही. नेहमी कोणीतरी गरीबच धरायचे तुम्ही. वॉचमन मात्र कधी धरला नाहीत.

तुम्ही हयात असता तर हे तोंडावर बोलले असते का, माहीत नाही. हा लिहिलेला कागद तरी मी मसाल्याच्या डब्याखाली घालून ठेवणार आहे, दुसरं काय करणार. फक्त एक भाग राहिलाय. डॉक्टरच्या बंगल्याचा. त्यात तुम्ही ड्रायव्हर म्हणाला होतात, आणि त्या अंधारात मी तुमच्या मांडीला टेकून बसले होते, तेही आठवतं. आपली लाइट जायची तिथपर्यंत तो मी बघितला आणि बंद केला. धुळ्याचं काम संपलं, जळगावची दोन लग्नं झाली, तरी पुढं लावलेला नाही. त्यात तुम्ही बरोबर निघालात तर काय करायचं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.