कंदील विझला तिथली रेघ

मी, ज्युलियस पास्कोल तुस्कानो, वय ६८, निवृत्त रसायनतज्ज्ञ, राहणार गिरीज, तालुका वसई, जिल्हा ठाणे, हे मृत्युपत्र स्वखुशीने व कोणाच्याही दडपणाविना लिहून ठेवत आहे. माझी बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, कारण माझा मुलगा ब्रायन याला ती शाबूत वाटत नाही. मी हे माळ्यावर बसून लिहितो आहे. खाली जमिनीवर बसायची आता छाती होत नाही.

१. राहते घर व मागची खोलगट वाडी ब्रायनला देतो, पण एका अटीवर. मनवेलपाड्यातला फ्लॅट सोडून नाताळानंतर इथे यायचे त्याच्या मनात आहे. माझी नात प्रीतल दहा महिन्यांची आहे. ती रांगते. तिला या घरात आणू नये. ब्रायन, बापाला वेडा म्हण, पण पोरीला आणू नकोस.

२. कारण लिहितो. सन २००३ साली एका खाजगी संस्थेने, हवेतला कार्बन डायऑक्साइड काढून घेण्यात धोके काय, हे तपासायला मला नेमले. झाडे लावावीत तर ती जळल्यावर वायू परत येतो. वायू शोषणारे शेवाळ वाढावे म्हणून समुद्रात लोखंडाची भुकटी टाकावी तर अर्नाळ्याच्या कोळ्यांच्या जाळ्यात पुढे काय येईल, कोणी सांगू शकत नाही. हे सगळे मी अहवालात चोख लिहिले. तिसरा मार्ग, वायू खोल बोअरमध्ये दाबून ठेवणे. चाचणीला जागा मीच दिली, माझ्या वाडीतली, मोठ्या ऐटीत. वायू टँकरने आला. त्या प्रकरणाखाली मी लिहिले, 'धोका नगण्य.' दोन वर्षांत संस्थेने बोअरच्या तोंडावर सिमेंट थापले आणि गाशा गुंडाळला. हा वायू हवेतून काढावा लागणारच, हे माझे मत आजही तेच आहे. पण गाडलेला वायू हजार वर्षे राखायचा असतो. तो राखणार कोण, हे चौऱ्याऐंशी पानांत मी एकदाही विचारले नाही.

३. आमच्याकडे विहिरीत उतरण्याआधी दोराने पेटता कंदील सोडतात. तो विझला तर कोणी उतरत नाही; हवेहून जड असा हा वायू खाली साचतो आणि ज्योत व श्वास दोन्ही विझवतो. मे २००५ मध्ये शत्रुघ्न म्हात्रे माझ्या विहिरीतला गाळ काढायला आले. कंदील अर्ध्यावर विझला.

"ज्युलियसबाब, कंदील इझला."

"वाऱ्याने विझला असेल. पुन्हा लाव."

"विहिरीत वारा कुठशी आयला?" ते हसले, पण त्यांनी लावला. तो पुन्हा विझला. माझ्या हातातले वायू मोजायचे यंत्र सगळे ठीक दाखवत होते. मी काठावर उभा होतो, यंत्रही काठावरच होते. मी म्हणालो, "मी शिकलेला माणूस आहे, शत्रुघ्न. उतर."

ते उतरले. ओरडले नाहीत, धडपडले नाहीत. पाण्यावर थोडा वेळ वर्तुळे उठली. चक्कर येऊन बुडाले, असे पंचनाम्यात लिहिले गेले. मी शेजारी उभा होतो आणि गप्प राहिलो. याची मला लाज वाटते.

४. तेव्हापासून वारा पडलेल्या सकाळी मी कंदील सोडतो आणि तो विझतो तिथे चुन्याची रेघ ओढतो. २००६ साली रेघ काठाच्या हातभर खाली होती. २००७ साली ती काठावर आली. त्याच आठवड्यात कोंबड्या खुराड्यात बसल्या जागी मेल्या, एक पीसही विस्कटलेले नव्हते. बेडूक ओरडत नाहीत. मांजर कपाटावरून उतरत नाही. आता रेघ मागच्या ओटीच्या खालून दुसऱ्या पायरीवर आहे. पायऱ्या तीन आहेत.

ब्रायन येतो रविवारी दुपारी, खाऱ्या वाऱ्यात. तेव्हा वायू पांगलेला असतो, कंदील ढणाढणा जळतो. "डॅडी, सगळं तुमच्या डोक्यात आहे," म्हणतो.

५. कंदील, दोर व चुन्याचा डबा ब्रायनला. रोज सकाळी बाहेरून येऊन रेघ ओढणे हे काम त्याचे, पुढे प्रीतलचे, पुढे तिच्या मुलांचे. वाडी विकलीच, तर घेणाऱ्याच्या खरेदीखतात हे काम लिहून द्यावे.

६. संस्थेच्या हर्षवर्धन साहेबांनी भेट दिलेले सोनेरी पेन त्यांना परत पाठवावे. अहवालावर सही मी त्यानेच केली होती. हे मृत्युपत्र साध्या बॉलपेनने लिहिले आहे.

७. रस्त्याकडची उंचावरची वाडी, केळी-नारळासह, शत्रुघ्न यांच्या पत्नी कमळीबाई यांना द्यावी. (हे कलम खोडले आहे. खोडल्याचे कारण असे: काल त्यांना बोलावून कलम ३ वाचून दाखवले, साडेतीन वर्षांत प्रथमच. त्यांनी ते पुन्हा एकदा वाचायला लावले. मग म्हणाल्या, "साक्षीला कोन?" मी सांगितले, एक सांडोरचा पीटर, दुसरा अजून मिळायचा आहे, आणि ज्याला वाटा मिळतो त्याने साक्ष केली तर त्याचा वाटा जातो. "मंग माझा वाटा खोडा," त्या म्हणाल्या. "मी साक्ष देते.")

स्थळ: गिरीज, घराचा माळा. दिनांक: १६ नोव्हेंबर २००८.

लिहून ठेवणार: ज्युलियस पास्कोल तुस्कानो (सही)

साक्षीदार १: पीटर घोन्साल्विस, राहणार सांडोर (सही). आम्ही सकाळी सात वाजता आलो तेव्हा वारा नव्हता. तिसऱ्या पायरीवर ठेवलेला कंदील माझ्यादेखत विझला. आजची रेघ मी ओढली.

साक्षीदार २: कमळी शत्रुघ्न म्हात्रे (अंगठा). त्यांच्या सांगण्यावरून त्यांच्याच शब्दांत लिहिले: "कंदील दोन वेला इझला व्हता. पोरीला आनू नको, ब्रायन."