सवाष्णीचं पांढरं पातळ

काचीगुडा, हैदराबाद
ता. ३ एप्रिल १९५६

चि. सौ. भामा हिस ताराचे अनेक आशीर्वाद वि. वि.

तुझं पत्र पोचलं. हिम्मतचा वर्गात पहिला नंबर आला हे वाचून फार बरं वाटलं. माझा भाऊ त्या वयात नापासांच्या रांगेत पहिला असायचा, तेव्हा हा गुण तुझ्याकडूनच आला असणार. एवढं नामदेवला मोठ्याने वाचून दाखव.

इथे उन्हाने कहर मांडलाय आणि त्यात माझं हे वय. अंगातून एकाएकी वाफा निघतात, घाम पाठीवरून काष्ट्यात उतरतो, आणि नऊ वारांचं ओझं कमरेला घेऊन मी शाळेत मुलींना शिवण शिकवत उभी असते. परवा वर्गातच भोवळ आली. आमच्या शाळेतल्या सरस्वतम्मा बाईंनी मला खुर्चीवर बसवलं आणि म्हणाल्या, की एवढं कापड आमच्याकडे देवाच्या रथाला लागतं. मला हसूही आलं आणि रागही आला. बाई माझ्याच वयाच्या, पण पातळ नेसतात गोल, पाचवारी. पोलकं सैल, बाह्या दंडाच्या मध्यापर्यंत, गळा मोकळा, केस वर बांधलेले. बघणाऱ्यालाच गार वाटतं, आणि दिसतातही अशा टापटीप की मुली वळून बघतात.

तेव्हा मी ठरवलंय. उन्हाळ्यापुरतं तरी लुगडं पेटीत. चव्वेचाळिसाव्या वर्षी नटायला निघाली म्हणून हसायचं तर हस. तुमच्या नांदेडच्या मिलचं बारीक वायल मला हवंय. पांढरंच पाठव, इथले रंगरेज त्यावर असा पिस्ता नि प्याजी रंग चढवतात की बघत राहावं.

यांना अजून सांगितलेलं नाही. यांचा हात तुला ठाऊक आहे. आमच्या कुसुमच्या लग्नात माझा ओठ कशाने फुटला होता ते सगळ्या वऱ्हाडाला माहीत होतं, आणि सगळे मांडवाचा खांब लागला म्हणत होते. आता राज्य मोडणार, यांच्या कचेरीतली मराठी माणसं औरंगाबादेला जाणार, त्यात यांचंही नाव आहे. कुसुम सासरी गेली. शाळा सोडून, शेजार सोडून या माणसाबरोबर एकटीने नव्या गावी राहायचं या विचाराने मला उन्हापेक्षा जास्त घाम फुटतो. इथे ओरडलं तर कोणी तरी दार वाजवतं. मला जायचं नाही, भामा.

लोभ आहे तसा असू दे, थोडा वाढला तरी माझी तक्रार नाही.

तुझी
तारा


नांदेड
ता. १५ एप्रिल १९५६

ती. सौ. वन्सं यांस भामाचा शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र जेवताना मोठ्याने वाचलं. तुमचे भाऊ मान खाली घालून भात कालवत राहिले, पण मिशा हलत होत्या.

माझे मावसभाऊ एकनाथराव येत्या सोमवारी कामाला हैदराबादेत येताहेत, त्यांच्याबरोबर वायलची दोन पातळं आणि चार पोलक्यांचं कापड पाठवते आहे. दुकानदाराने पांढरं कापड मोजता मोजता तोंड पाडून विचारलं, की घरातलं कोण गेलं. मी म्हटलं, गेलं कोणी नाही, नणंद तरुण व्हायला निघालीय. तो असा काही बघत राहिला की मी तिथून काढता पाय घेतला. म्हणून निक्षून सांगते, आधी रंगरेजाकडे द्या आणि मगच अंगाला लावा. तिकडे चालत असेल, पण आपल्यात सवाष्णीच्या अंगावर पांढरं म्हणजे नवऱ्याचं मरण चिंतल्यासारखं.

मी मात्र मनातून तुमच्यावर जळते. इथे मी एक्केचाळीसची, चुलीपुढे लुगड्यात शिजते आहे. तुमच्या त्या सैल पोलक्याचं माप मला पाठवाल का? घालायचं धाडस होईल तेव्हा होईल.

औरंगाबादचं वाचून काळजी वाटली. यांच्यापाशी विषय काढला तर म्हणाले, बदली काय सगळ्यांचीच होते. तुम्ही जपून राहा.

मुलाबाळांसकट सर्वांवर माया ठेवावी, माझ्यावर जरा जास्त.

आपली
भामा


काचीगुडा
ता. ३ मे १९५६

रा. रा. नामदेवराव यांस भगवंतरावाचा नमस्कार वि. वि.

येथील क्षेम. आपले क्षेम लिहीत जावे.

आपल्या भगिनीच्या वर्तनाविषयी लिहिणे भाग पडत आहे. परवा कचेरीतील दोन सहकाऱ्यांना घेऊन मी घरी आलो, तो ही नखशिखान्त पांढऱ्यात, उघडे दंड घेऊन, ओटीवर बसलेली. कपाळी कुंकू होते असे तिचे म्हणणे. उंबऱ्याबाहेरच्या माणसाला आधी पांढरे दिसते, कुंकू नंतर. सहकाऱ्यांपैकी एकाने मला पाहून तोंड फिरविले. मी जिवंत असताना माझ्या घरात माझे सुतक चालू आहे, हे मी चारचौघांत पाहिले.

त्यानंतर तिला समज द्यावी लागली. थोडा आवाज झाला, शेजारी जमले, याचा खेद वाटतो. डॉक्टर मीच बोलावला.

कापड आपल्या घरून आले असे कळते. आपल्या कुटुंबाने यापुढे असले काही धाडू नये. दिवाळीपूर्वी आम्ही औरंगाबादेस जाऊ. तेथे तिची शाळा नाही, शेजार नाही, तेव्हा तिचे डोके ठिकाणावर आणण्यास मला वेळ लागणार नाही. आपण तिचे पाठचे भाऊ आहात. दोन शब्द सांगावेत.

आपला स्नेह आजवर राहिला तसाच पुढे राहील, अशी खात्री बाळगतो.

आपला
भगवंतराव


काचीगुडा
ता. ५ मे १९५६

चि. सौ. भामा हिस आशीर्वाद वि. वि.

यांनी नामदेवला लिहिलंय, तेव्हा माझंही ऐका. उजव्या हाताने लिहिता येतं. यांनी विचार करून डावा निवडला, स्वयंपाक बंद पडू नये म्हणून.

तू बजावलं होतंस, पण रमजान चालू आहे, रंगरेजाकडे ईदच्या दुपट्ट्यांचा ढीग पडलाय. त्याने ईदनंतर या म्हणून सांगितलं. घरात भट्टी पेटल्यासारखं होत होतं. मी एक पातळ तसंच नेसले, नवं पोलकं घातलं आणि आरशात पाहिलं. भामा, मी चांगली दिसत होते. खोटं कशाला बोलू? अंगाला वारा लागत होता आणि मला माझंच कौतुक वाटत होतं. ओटीवर येऊन शेजारच्या जैनबबींशी बोलत बसले.

यांनी पाहुण्यांना हसतमुखाने सरबत दिलं, गल्लीच्या तोंडापर्यंत पोचवून आले आणि दाराला आतून कडी घातली. मला गळ्याला धरून भिंतीवर आपटलं. पातळ ओढून टराटरा फाडलं. पट्ट्याने मारलं, बकलाच्या बाजूने. मी खाली पडले तर पोटात लाथा घातल्या. आणि मग इस्त्री उचलली. यांचेच सदरे करायला मी निखारे भरून ठेवली होती. माझ्या दंडावर गुडघा टेकवला आणि बाही जिथे संपते, तिथेच ती दाबून धरली. म्हणाले, की आता घाल आखूड बाह्या. कातडीचा वास आला तेव्हा मला कळलं की मीच ओरडते आहे. जैनबबींनी बाहेरून वरवंट्याने दार ठोकलं. दार उघडलं नाहीत तर अख्खा मोहल्ला गोळा करीन म्हणाल्या, तेव्हा कुठे कडी निघाली.

मला रडू येत नाही. मला संताप येतो. इतका, की भाजी चिरताना सुरी हातात धरून मी कितीदा यांच्या मानेकडे पाहिलंय. मला भीती यांची जेवढी वाटते, तेवढीच माझीही वाटायला लागलीय.

औरंगाबादेला गेले तर मी जिवंत राहणार नाही. हे मी लटकं लिहीत नाही. नामदेवला विचार, गरज पडली तर ही बहीण माझ्या घरी राहील, एवढं तो यांना लिहील का? कदाचित मी यायचीही नाही. पण माझ्या पाठीमागे कोणी आहे, हे यांना कळलं पाहिजे.

माया असू दे. आज ती लागणार आहे.

तारा


नांदेड
ता. १८ मे १९५६

ती. अक्का हिस नामदेवचा सा. न. वि. वि.

दोन्ही पत्रं पोचली. वाचून दोन दिवस अन्न गोड लागलं नाही.

भाऊजींनी इस्त्री लावायला नको होती, हे मी म्हणतोच. पण अक्का, पांढरं नेसून पाहुण्यांपुढे बसायचं तुला तरी काय नडलं होतं? एवढी वर्षं लुगडं नेसलीस, आणखी चार वर्षं नेसली असतीस. चाळिशी उलटल्यावर कोणाला दाखवायचंय? त्यांना पांढरं खुपतं तर हिरवं नेस, बाह्या आखूड खुपतात तर लांब कर. कापडासाठी संसार मोडत नाहीत.

औरंगाबादेला जा. नव्या गावी माणूस बदलतो. तू इथे येऊन राहिलीस तर उद्या हिम्मतच्या बहिणींना स्थळं यायची नाहीत, हे तुलाही समजतं. भाऊजींना मी सबुरीने घ्या म्हणून लिहितो आहे.

धाकट्याचं बोलणं पोटात घालावं.

तुझा
नामदेव


काचीगुडा
ता. २० जून १९५६

चि. नामदेव यास आशीर्वाद वि. वि.

शाळा सुरू झाली. मी गोल पातळ नेसून जाते, रंगवलेलं, प्याजी. पोलक्याच्या बाह्या होत्या तेवढ्याच ठेवल्या आहेत आणि खाली इस्त्रीचं टोक उमटलंय ते सगळ्यांना दिसतं. मोठ्या बाईंनी विचारलं, काय झालं. खांब लागला म्हणाले नाही. माझ्या नवऱ्याने इस्त्रीने भाजलं, असं सगळ्या शिक्षिकांपुढे सांगितलं. सरस्वतम्मा माझा हात हातात घेऊन रडल्या. त्या माझ्या कोणी नव्हेत.

त्याबद्दलही मार खाल्ला. पुढचा दात हलतो आहे. पण बाह्या तेवढ्याच आहेत.

चाळिशी उलटल्यावर कोणाला दाखवायचं, असं तू विचारलंस. मला गरम होतं, नामदेव. आणि मला नीटनेटकं दिसायला आवडतं. तुझ्या भाऊजींना सांगून झालं, तुला सांगून झालं, आता तिसऱ्यांदा कोणाला सांगणार नाही. मी औरंगाबादेला जाणार नाही. ते उचलून नेतील तर नेतील.

आशीर्वाद तुला जन्मभर आहेत, ते मागे घेता येत नाहीत.

अक्का


काचीगुडा
ता. २७ ऑक्टोबर १९५६

चि. हिम्मतच्या बाबांस भामाचा सा. न. वि. वि.

दळणाचं निमित्त सांगून निघाले ती थेट स्टेशनवर गेले आणि गाडीत बसले. तुम्ही चिडला असाल. विचारलं असतं तर तुम्ही नको म्हणाला असता, म्हणून विचारलं नाही. वन्संची जायची तारीख जवळ आली होती आणि तुम्ही रोज जेवून अंगणात फेऱ्या मारत होता. मला ते बघवेना.

काय घडलं ते माझ्याकडून ऐका, कारण भाऊजी वेगळं सांगतील. गुरुवारी सामान बांधून झालं. त्यांनी वन्संची सगळी गोल पातळं शिवणाच्या कात्रीने उभी कापून दारात टाकली आणि लुगडं पुढे फेकून म्हणाले, की हे नेस आणि टांग्यात बस. वन्सं म्हणाल्या, मी येत नाही. ओरडूनसुद्धा नाही, साध्या आवाजात. त्यांनी वन्संचे केस मुठीत धरून फरफटत नेलं आणि दाराच्या चौकटीवर डोकं आपटलं. एकदा नाही. चौकटीला रक्त लागलं, कुंकवावरून डोळ्यात उतरलं. मी भाऊजींच्या पाया पडले. त्यांनी मला लाथेने बाजूला केलं आणि पुन्हा केस धरले.

कोपऱ्यात मुसळ होतं. मी ते दोन्ही हातांनी उचललं आणि केस धरलेल्या हातावर घातलं. हाड मोडल्याचा आवाज मी जन्मात विसरणार नाही. भाऊजी खाली बसले आणि लहान पोरासारखे आईला हाका मारू लागले. मी पुन्हा मुसळ उचललं होतं. डोक्यावरच घालणार होते. रक्ताने भरलेल्या तोंडाने वन्संनीच माझे हात धरले, म्हणून तुमची बायको आज तुरुंगात नाही.

कचेरीतली माणसं पोचवायला आली तेव्हा भाऊजी म्हणाले, टांग्यातून पडलो. जैनबबी दारातच उभ्या होत्या. त्या सगळ्यांदेखत म्हणाल्या, की टांगा तर अजून यायचाय. हात गळ्यात बांधून भाऊजी एकटे औरंगाबादेला गेले. पुन्हा येतीलही. मी असेपर्यंत आले तर मी आहे.

वन्संच्या डोक्याला टाके पडलेत, पण शुद्धीवर आहेत, जेवतात. दिवाळी आली तरी इथला उकाडा हटत नाही. काल त्यांनी अंथरुणावर बसल्या बसल्या माझं माप घेतलं आणि माझ्यासाठी एक सैल पोलकं बेतलं. आज अंगात घातलंय. फार सुख वाटतं. मार खाऊन हे सुख धरून ठेवणाऱ्या बाईला तुम्ही कापडासाठी संसार मोडते म्हणालात.

तुम्ही माझ्यावर कधी हात टाकला नाहीत, हे मी देवापुढे सांगेन. पण बहिणीवर पडलेला प्रत्येक फटका तुम्ही पत्रातून वाचलात आणि घडी घालून कोनाड्यात ठेवलात. मुसळ तुम्ही उचलायला हवं होतं.

मला न्यायला येऊ नका, माझी मी येईन. यायचंच असेल तर भाऊबीजेला बहिणीकडे या. पाट मांडलेला असेल. आला नाहीत तर तो मी स्वतः उचलून ठेवीन, आणि मग माझ्या लोभाचं काही विचारू नका.

भामा