एका हाताने उघडणारा डबा

अण्णा,

परवा अंधेरीच्या एका मोठ्या कंपनीतून फोन आला. त्यांच्याकडे कार्यक्रम आहे. वेगवेगळ्या जातिधर्मांची, वेगवेगळ्या घरांतली माणसं एकत्र कामाला असली की धंद्यात नवीन गोष्टी कशा सुचतात, असा काहीतरी विषय. मी येऊन आपल्या डब्याची गोष्ट सांगायची. फोनवरची मुलगी म्हणाली, "मॅम, थोडंच बोला, पण इन्स्पायरिंग बोला." मी हो म्हटलं आणि तेव्हापासून डोक्यात नुसता गोंधळ आहे. गोष्ट मला माहीत आहे. तिच्यात तुम्हाला कुठे बसवायचं ते कळत नाही. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज ऐकायचा तर आता मला डोळे मिटून थोडा वेळ थांबावं लागतं.

गाळा अजून तिथेच आहे, घाटकोपरला, असल्फ्याच्या त्याच गल्लीत. गल्लीच्या तोंडाशी मेट्रोचे खांब आलेत एवढंच. गिरणी बंद पडली तेव्हा तुम्ही घरी बसला नाहीत. फिटरचा हात होता, एक जुना प्रेस आणलात आणि स्टीलचे डबे काढायला लागलात. मग गावाहून एकेकाला बोलावलंत. सगळे आपल्या वाडीचे, नाहीतर शेजारच्या. शिमग्याला आणि गणपतीला गाळ्याला कुलूप. कुणी आजारी पडला तर त्याच्या घरी दुसऱ्याची बायको पेज घेऊन पोचायची. "गिरणीनं सोडलं, आपल्या माणसांनी नाही सोडलं," असं तुम्ही म्हणायचात. एक दुपार अजून डोळ्यांसमोर आहे: मी शाळेतून थेट गाळ्यावर येते, खोक्यावर बसून डबा खाते. एका हातात पुस्तक आहे, दुसऱ्या हाताने क्लिप ओढतेय. तुम्ही प्रेस थांबवून ओरडता, "अन्न आहे ते! पुस्तक ठेव. दोन्ही हातांनी उघड." सगळे वळून बघतात आणि मी पुस्तक दप्तरात कोंबते. अजूनही एकटीने जेवताना मी पुस्तक लांब ठेवते.

आणि तो माणूस. तुम्हाला आठवतो का? पांढरा स्वच्छ शर्ट घालून आला होता, गोवंडीहून. प्रेसचं काम येतं म्हणाला. तुम्ही त्याला स्टुलावर बसवलंत, मला चहा सांगायला पिटाळलंत. मी परत आले तेव्हा तुम्ही विचारत होतात, "गाव कुठलं?" त्याने मराठवाड्यातलं कुठलंसं गाव सांगितलं. मग तुम्ही आडनाव विचारलंत. त्याने तेही सांगितलं. तुम्ही म्हणालात, "सध्या जागा नाही हो." लगेचच गावाहून तुमचा भाचा आला आणि त्याला प्रेस म्हणजे काय इथपासून शिकवावं लागलं. त्या माणसाने प्यालेला ग्लास तुम्ही स्वतः विसळलात आणि फळीवर बाकीच्या ग्लासांपासून लांब ठेवलात. आपल्याकडे एक कड फुटलेला ग्लास होता, कुणाचा ओठ कापू नये म्हणून तो बाजूला असायचा. तुम्ही ठेवलेला ग्लास तोच होता का? मी त्यावर इतक्या वेळा विचार केलाय की आता मला त्याची कड कधी फुटकी दिसते, कधी अख्खी.

तुमच्यामागे गाळा माझ्याकडे आला. प्लॅस्टिकच्या डब्यांनी आपली वाट लावली होती. गावाहून कुणी येईना, पोरं गोव्याला हॉटेलांत नाहीतर ऑफिसांत लागली. तुमच्या वेळचे फक्त काका उरले, तुमचे चुलतभाऊ, प्रेसवर. म्हणून मी मिळेल त्याला घेत गेले. मोठा विचार वगैरे काही नव्हता, माणसं हवी होती. पॅकिंगला गोवंडीच्या एक मुसलमान बाई आल्या, त्यांना सगळे आपा म्हणतात. मग मुलुंडची एक मुलगी आली, नुकती इंजिनिअर झालेली, नांदेडकडचं बौद्ध कुटुंब. पहिल्या दिवशी काकांनी तिला विचारलं, "गाव कुठलं तुझं?" ती म्हणाली, "गावाचं राहू द्या ना काका. मशीन दाखवा." मला हसू आलं आणि त्याच वेळी तो पांढऱ्या शर्टातला माणूस आठवला.

आपा जेवायला सगळ्यांकडे पाठ करून, खोक्यांच्या आड बसायच्या. काका म्हणायचे, "त्यांच्यात तसाच असता." मलाही वाटायचं, धर्माचं काही असेल, आपण कशाला विचारायचं. आमच्यातलं कुणीच विचारलं नाही. ती मुलगी मात्र सरळ त्यांच्या शेजारी जाऊन बसली आणि तिला दिसलं ते असं, की आपांच्या डाव्या हाताला लहानपणच्या पोलिओमुळे पकड नाही आणि आपल्याच गाळ्यातला डबा त्या दातांनी उघडतात. कुणी बघू नये म्हणून पाठ.

मुलीने तिथूनच हाक मारली, "मॅडम, आपला डबा चुकलाय!" आणि सगळ्यांसमोर सांगून टाकलं. आपा ताडकन उठल्या. "मैं क्या तमाशा हूँ? माझ्या हातावर धंदा करणार तुम्ही?"

"तुमच्या हाताचं कोण बोलतंय! डब्याचं बोलतेय मी!"

आपा डबा तसाच ठेवून निघून गेल्या, आणि काही दिवस आल्याच नाहीत. मी त्या मुलीला खूप बोलले. ती रडली, पण डोळे पुसून त्याच हाताने कागदावर क्लिपा काढत राहिली. मग एका सकाळी आपा दारात उभ्या. "बनवताय ना? तो नीट बनवा. माझा फोटो-बिटो नको, नाव पण नको."

मग भांडणं सुरू झाली, अण्णा. एवढी भांडणं तुमच्या काळात मी गाळ्यात कधी ऐकली नव्हती. मुलीने पहिला नमुना केला, पट्टी दाबली की झाकण उघडतं. काकांनी तो बघितला आणि भडकले. "एका हातान उघडतलो तो डबो पिशवीत आपसूक उघडतलो. मगे आमटी खंय जातली? अण्णान काय सांगललां, डबो दोन हातांनी उघडूचो!"

"ज्याला दोन आहेत त्याने उघडावा ना, काका."

काका दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. पण पिशवीचं त्यांचं म्हणणं खरं होतं. नमुन्यात पाणी भरून डबा पिशवीत हलवला तर खरंच उघडला. मग पट्टी अशी झाली की आधी आत ढकलायची, मगच दाबली जाते. त्यावर आपा म्हणाल्या, "झाकण उघडतं, पण डबा फिरतो. त्याला धरणार कोण?" म्हणून बुडाला रबराचं कडं आलं, घसरू नये म्हणून. किती नमुने भंगारात गेले ते विचारू नका. मी मध्ये उभी राहून तिघांना शांत करत होते, आणि आता वाटतं की मी तेवढं केलं नसतं तरी चाललं असतं. ते शांत झाले असते तर डबा झाला नसता.

डबा चालला. आधी घाटकोपरच्या एका फिजिओथेरपीवाल्या डॉक्टरीणबाईंनी पेशंटांसाठी घेतला. मग संधिवाताच्या आज्या, मग कडेवर पोर असलेल्या आया. ज्यांना दोन्ही हात धड आहेत तेही तोच मागतात आता. गाळा वाचला. हे सगळं त्या कार्यक्रमात सांगता येईल, टाळ्याही पडतील.

पण काका कायमचे गावी गेले. आपला डबा दुकानात लागला आणि मग एक दिवस म्हणाले, "काम बरा झाला गो. पण माझ्यावांगडा मालवणीत बोलणारो आता कोणच नाय हय." मी म्हटलं, मी आहे ना. ते हसले. माझी मालवणी तुम्हाला माहीतच आहे. त्यांना परकं आम्ही केलं का? की वय झालं होतं म्हणून गेले? आणि गोवंडीचा तो माणूस, त्याला तुम्ही घेतलं असतंत तर हा डबा तेव्हाच झाला असता का? की तो मुकाट्याने तुमच्या पद्धतीचा डबा करत राहिला असता? वेगळी माणसं नुसती आणून बसवली म्हणून काही होत नाही, आपाही महिनोन् महिने खोक्यांआड होत्याच. आणि तुमची 'आपली माणसं' नसती तर गिरणीनंतर आपण वीसेक घरं कुठे गेलो असतो? माझं शिक्षण त्याच शब्दावर झालंय. त्या शब्दाला आता नावं ठेवायची, तर कुठल्या तोंडाने?

कार्यक्रमाला मी त्या मुलीलाही घेऊन जाणार आहे. आपा येणार नाहीत म्हणाल्या, "तुम ही बोलो." काल भाषणाचं बोलणं चाललं होतं तेव्हा मुलीने भिंतीवरच्या तुमच्या फोटोकडे बघून सहज विचारलं, "मॅडम, हे असते तर मला कामावर घेतलं असतं का हो?"

मी लगेच म्हणाले, "घेतलं असतं. का नाही?"

ती बरं म्हणाली आणि कामाला लागली. तिला पटलं का ते मी विचारलं नाही. हा कागद मी कुठे पाठवणार आणि तुम्ही काय उत्तर देणार, ते मला कळतं. पण खरं सांगते, अण्णा, तुमच्या वतीने मी तिला उत्तर दिलं आणि ते देताना मी तुमच्या फोटोकडे बघितलं नाही.