चिनी राजासाठी मुंडण

तळ्याची वाडी, ता. गुहागर
१४ जानेवारी २०२५

चि. नीलेश यास,

अ. आ. लिहायची रीत आहे म्हणून लिहिले. मनातून आज एकही आशीर्वाद निघत नाही. फोनवर तू गोड बोलून गुंडाळतोस, म्हणून कागदावर लिहून साधनाआत्याला फोटो काढून पाठवायला सांगतोय.

काल तुझी हीच आत्या शिरगावाहून पहिल्या एस्टीने आली, ती स्टँडपासून गळा काढून. हातात पिठलं-भाताचं पातेलं, कारण सुतकाच्या घरी चूल पेटत नाही. दार मीच उघडलं. ती अशी किंचाळली की पातेलं पायरीवर आणि पिठलं माझ्या लेंग्यावर. तिच्या मागून अर्धा बाजार मला पोचवायला आलेला! कशामुळे? तर तुझ्या फोटोमुळे. डोकं गुळगुळीत, मिशी सफाचट, खाली एक अक्षर नाही. माझा फोन दोन दिवस लागत नव्हता, मग तिने काय समजावं? बाप जिवंत असताना कोणी मिशी काढतं का रे?

तिने तुला फोन लावला तेव्हा कळलं, कोणा जुन्या चिनी राजाच्या पिक्चरमध्ये साहेब शिपाई झालेत. वा रे पठ्ठ्या! तू तिकडे सुतारकामाला गेलास की सोंगं काढायला? तुझी आई गेली तेव्हा तुझ्या डोक्यावरचा एक केस हलला नाही, आणि कधीच्या मेलेल्या चिनी राजासाठी मुंडण! लाज कशी वाटली नाही?

आता ऐक. पुढच्या महिन्यात आईचं वर्षश्राद्ध. तू रजा टाकलीस म्हणे. यायचं नाही. अग्नी तुझ्या चुलतभावाने, रोनितने दिला, श्राद्धही तोच करील.

लोभ होता. पुढचं तुझ्या वागण्यावर.

तुझा, अजून जिवंत असलेला बाप,
भिकाजी


सोनापूर, दुबई
१७ जानेवारी

ती. बाबांस,

सा. न. वि. वि. पत्र ड्युटीवरून येताना बसमध्ये वाचलं. शेजारचा विचारत होता, घरी सब ठीक? मी फोन खिशात टाकला.

सोंगं काढायला नव्हतो गेलो. कंपनीनेच वाळवंटात राजवाडा बांधायला नेलं होतं. खांब, दरवाजे, सिंहासन, सगळं प्लायवूडचं. पुढून सोनं, मागून नुसत्या फळ्या. शिपाई कमी पडले तेव्हा फोरमन यल्ला यल्ला, म्हणजे चला चला, करत आला आणि आम्हाला मागच्या रांगेत उभं केलं. त्या राजाचा म्हणे हुकूम होता, पुढचं डोकं भादरून मागे वेणी सोडा, नाहीतर डोकंच जाईल. आणि राजा मेला की शंभर दिवस कोणी वस्तऱ्याला हात लावायचा नाही. म्हणजे त्यांच्या रीतीने तुम्ही ठणठणीत आहात. आत्याला सांगा.

आता तुम्ही ऐका. आईसाठी केस हलला नाही म्हणता? कसा हलणार? आई गेल्याचं मला तेराव्यानंतर कळवलंत. व्हिसा नवीन आहे, नोकरी जाईल, पोराला सांगू नका, असा तुम्हीच घरात हुकूम काढलात. आत्याला शपथ घातलीत. मी रोज फोन करून आईला द्या म्हणायचो आणि तुम्ही ती झोपलीय म्हणायचात. त्या दिवसांत मी इथे मॅच बघितली, शुक्रवारी मटण खाल्लं. सुतकात मटण खाल्लं मी, बाबा! ते कोणामुळे?

पिक्चरला पुढचं अर्धंच डोकं लागत होतं. शूटिंग खलास झालं त्या दिवशी तिथल्या न्हाव्याला, पेशावरच्या अर्सलानला, मीच म्हटलं, उरलेले केस काढ, मिशीही काढ. त्याने विचारलं, घरी कोणी गेलं का. मी म्हटलं, आई. कधी, असं विचारलं तेव्हा मला सांगायची लाज वाटली. वाळवंटात अंघोळ कुठली, त्यानेच बाटलीतलं पाणी माझ्या डोक्यावर ओतलं. फोटो तुम्हालाच दाखवायचा होता. तुमच्या फोनवर येत नाही म्हणून आत्याला धाडला. खाली दोन शब्द लिहायचे होते, जमले नाहीत.

श्राद्ध मीच करणार. दारात अडवलंत तर अंगणात बसून करीन.

लोभ ठेवायचा की नाही ते तुम्ही ठरवा. आईवरचा हक्क मी सोडणार नाही.

आपला,
नीलेश


तळ्याची वाडी
२० जानेवारी

चि. नीलेश यास,

अ. आ., या वेळी मनापासून.

पत्र आत्या मोठ्याने वाचत होती. मटणापाशी ती थांबली, पुढचं माझं मी वाचलं.

बापाला असं लिहितात, गाढवा? अंगणात बसून करीन म्हणे! हे घर काय त्या चिनी राजाचं आहे? आणि नोकरीचं म्हणशील तर तेव्हा तुला बोलावलं असतं तर आज तू इथे माझ्यासारखा काजू वेचत बसला असतास. तणतणायचं तेवढं तणतण. भटजींना सांगून ठेवलंय, मुलगा करणार. रोनितलाही सांगितलं.

केस फुटले असतील तर निघण्याआधी पुन्हा काढ. मिशीही. त्या पेशावरवाल्याकडूनच काढ. गाव बघून म्हणेल, भिकाजी गेला. म्हणू दे. मी स्टँडवर येऊन उभा राहीन. तुझी बॅग मी घेईन, आणि बाजारातून घरापर्यंत आपण दोघं चालत येऊ.

वाटेत कोणी विचारलंच, कोण गेलं, तर तू सांग. मला अजून ते तोंडातून काढता येत नाही.

वाट बघतोय.

तुझा बाप,
भिकाजी