इनायतच्या चादरी आणि माझी कोरफड

३ जून. पुन्हा चादरी! अख्ख्या गच्चीवर वरच्या मजल्यावरच्या इनायतच्याच. घरात माणसं तीन, चादरी पलटणीच्या. माझ्या कोरफडीवर दिवसभर सावली. माझी शाहिरा लग्न होऊन शुब्रा वस्तीत नव्या घरी जाणार, तेव्हा दारावर हीच उलटी टांगायची आहे. दारावर कोरफड हिरवी, तर घर हिरवं. सुकली तर सासू आयुष्यभर बोलून दाखवेल. तिचं तोंड आत्ताच तयार आहे.

४ जून. दोरी कापली नाही. नुसती सोडली. चादरी पडल्या त्या वाऱ्याने. कोरफड भर उन्हात. इनायत मला, शाहिराच्या आईला, म्हणाली, अगं उम्म शाहिरा, सावलीत वाढलंय ते झाड, सकाळचं कोवळं ऊन दे, हळूहळू सवय लाव. मी म्हटलं, वाळवंटातल्या झाडाला ऊन शिकवतेस? उद्या नाईलला वाहायला शिकवशील.

९ जून. पानं तांबूस. तेज चढलंय. शाहिरा म्हणते, आई, ती भाजलीय. कार्टीला तव्यावरची भाकरी करपलेली कळत नाही, म्हणे कोरफड कळते.

१३ जून. टोकं वाळली. इनायतची नजर, दुसरं काय! आणून कपाटामागे ठेवली. तिथे कुणाची नजर पोचत नाही.

२८ जून, दुपार. फिकी, लांबुळकी, मान टाकलेली. अगदी होणारा जावई. पुन्हा गच्चीवर, रणरणत्या उन्हात. आता अंदाज आलाय मला. जरा पडते.

संध्याकाळ. डोळा लागला. पानं उकडलेल्या भेंडीसारखी. कुंडीसकट जिन्याखाली कचऱ्यात. शाहिराला सांगायचं नाही. उद्या नवी आणणार.

२७ जुलै. नवी आणायची राहिली. या उन्हात माणसाने बाहेर पडावं तरी कसं?

३१ जुलै, गुरुवार. लग्न झालं. नव्या घराशी पोचलो. मी मान खाली घालून. सासू दाराकडे बघून म्हणाली, वा! बघते तर कोरफड! जाडजूड, हिरवीगार. मी लगेच म्हटलं, ऊन कसं द्यावं ते माझ्याकडून शिका. शाहिराने चिमटा काढला. कानात म्हणाली, आई, गप. तुझीच आहे ती. इनायतमावशीने कचऱ्यातून उचलली, चादरींमागे ठेवून जगवली.

१ ऑगस्ट. जगणारच होती. कणखर मीच केली होती. आता कळलं, माझ्या जुन्या कुंडीत इनायतने त्याच कोरफडीचं एक पिल्लू लावलंय. म्हणे, लेक गेली, उम्म शाहिराच्या दारालाही काहीतरी हिरवं हवं. मला विचारलं का? आणि ठेवलंय कुठे, तर चादरींमागे. दार तर आजच ओकंबोकं दिसतंय. ते पिल्लू माझ्या दारावर कधी येणार, रविवारपर्यंत सांग म्हणावं. नाहीतर चादरी आहेत आणि वारा आहे.